आपल्याकडं कुठं सीनरी हाय, बाई? : मोकळा माळ आणि चित्रातली रिकामी जागा



"आज निसर्गचित्र काढा" असं वर्गात सांगितलं की पुढं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा अर्धा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीशेजारी नारळ आणि आभाळात इंग्रजी 'व्ही'सारखे चार पक्षी. दहा मिनिटांत तीस वह्यांत तीस सारखी गावं वसतात. मुलांच्या भाषेत याला 'सीनरी' म्हणतात.

आता गंमत बघा. आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानाच्या पट्ट्यात आहे. शाळेच्या दारात उभं राहिलं तर एकही टोकदार डोंगर दिसत नाही, नदी नाही आणि नारळ तर नाहीच. दिसतं ते लांबवर पसरलेलं कुसळी गवत, मुरमाड जमीन, एखादी बाभूळ, विजेचे खांब आणि वर भलंमोठं आभाळ. मुलांना विचारलं की दारातलं का नाही काढलं, तर उत्तर ठरलेलं असतं : "आपल्याकडं कुठं सीनरी हाय, बाई? नुसता माळच की!"

'नुसता माळ' हे शब्द मला खटकतात. ज्या जागेत मूल रोज वाढतं, ती जागा चित्रात काढण्यासारखी नाही असं त्याला वाटणं ही साधी गोष्ट नाही. यात मुलाचा दोष कमी आणि आपला, म्हणजे मोठ्यांचा जास्त. कारण चित्राबद्दल मुलाच्या कानावर सतत दोनच वाक्यं पडतात. "जागा रिकामी ठेवू नको" आणि "बॅकग्राऊंड भर". मग मोकळी जागा म्हणजे अपुरं काम, असा त्याचा समज पक्का होतो. आणि ज्याच्या गावात मोकळी जागाच जास्त, तो गाव सोडून कॅलेंडरवरचे डोंगर काढायला लागतो.

या लेखात मोकळा, विस्तीर्ण देखावा कसा रंगवायचा आणि त्यातली रिकामी जागा बघावीशी कशी वाटेल, हे सांगते आहे. मी कलाशिक्षक नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळं सगळं तिसरी-चौथीच्या मुलांना जमेल असंच आहे.

आभाळ वर, जमीन खाली आणि मधे?

आधी लहान मुलांबद्दल. पहिली-दुसरीच्या मुलाचं चित्र आठवा. कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी म्हणजे आभाळ, खालच्या कडेला हिरवी किंवा तपकिरी रेघ म्हणजे जमीन. मधे सगळं पांढरं. बऱ्याच पालकांना वाटतं की पोरानं कंटाळा केला. तसं नसतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या. त्यात साधारण सात ते नऊ वर्षांच्या वयात ही जमिनीची रेघ आणि वरची आभाळाची पट्टी येतेच येते. मुलाच्या अनुभवाला धरूनच आहे ते. आभाळ डोक्यावर असतं, जमीन पायाखाली असते आणि मधे आपण असतो! मधल्या पांढऱ्या भागाला काय म्हणायचं असं विचारलं तर मुलं सरळ सांगतात, "तिथं हवा हाय."

तेव्हा या वयात आभाळ ओढून खाली जमिनीला टेकवायची सक्ती करू नका. नवव्या-दहाव्या वर्षी मूल स्वतःच एक दिवस विचारतं की आभाळ लांब तिकडं जमिनीला चिकटलेलं का दिसतं. तो प्रश्न आला की समजायचं, क्षितिज शिकवायची वेळ झाली.

माळावरच्या शाळेचा इथं मोठा फायदा आहे. शहरातल्या मुलाला क्षितिज दाखवायला गच्चीवर न्यावं लागतं, आपल्याला फक्त वर्गाबाहेर यायचं असतं. आणखी एक माहिती मुलांना फार आवडते. डोळे जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर असतील, म्हणजे चौथीचं मूल उभं असेल, तर अगदी सपाट जमिनीवर त्याचं क्षितिज जवळजवळ चार किलोमीटरवर असतं. "नुसता माळ" म्हणणाऱ्या मुलाला सांगा की तू आत्ता चार किलोमीटर बघतोयस. डोंगराच्या कुशीतल्या गावातल्या मुलाला एवढं बघायला मिळत नाही.

क्षितिजाची रेघ कुठं मारायची?

कागदाच्या बरोबर मध्यावर तर नक्कीच नको. मध्यावर रेघ मारली की कागदाचे दोन सारखे तुकडे पडतात आणि आपण आभाळ बघायचं की जमीन, हेच नजरेला कळत नाही. आभाळात आज काही चाललं असेल, ढग असतील, संध्याकाळचे रंग असतील, तर रेघ खाली घ्या आणि आभाळाला तीन हिस्से द्या. जमिनीवर गवत, नांगराची तासं, मेंढ्यांच्या वाटा असतील तर रेघ वर न्या. मुलांना हे तोंडी सांगून कळत नाही. पुठ्ठ्याला वहीच्या आकाराची खिडकी कापा, एक डोळा मिटून तिच्यातून माळ बघायला लावा आणि खिडकी हळूहळू वर-खाली करायला सांगा. त्यांचं तेच ठरवतात.

कागदाचा आकारही बदलून बघा. मोकळ्या देखाव्याला लांबट कागद फार शोभतो. चित्रकलेच्या वहीचं पान आडवं अर्धं कापलं की झालं, आणि एका पानात दोघांची सोय होते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं आपल्या आयुष्याच्या शेवटच्या जुलै महिन्यात, १८९० साली, फ्रान्समधल्या ओव्हेर गावाजवळची शेतं रंगवताना असाच कॅनव्हास घेतला होता. उंची सुमारे ५० सेंटीमीटर आणि रुंदी बरोबर दुप्पट. त्यातल्या 'वादळी ढगांखालचं गव्हाचं शेत' या चित्रात घर नाही, माणूस नाही. खाली हिरव्या-पिवळ्या शेतांच्या पट्ट्या आणि वर गडद निळं आभाळ, बस्स. तरीही ते चित्र रिकामं वाटत नाही, कारण जमिनीवरचे ब्रशचे फटकारे आणि आभाळातले फटकारे वेगळ्या चालीनं जातात. मोबाइलवर मोठं करून मुलांना दाखवा आणि विचारा, "वारा कुठून कुठं वाहतोय?" प्रत्येक मूल हात हलवून उत्तर देतं.

एक बारकी सूचना. क्षितिजाची रेघ पट्टीनं मारू देऊ नका. सपाट माळसुद्धा पट्टीसारखा नसतो. कुठं किंचित उंचवटा असतो, कुठं झाडोरा, आणि मे महिन्यात तर धुळीमुळं आभाळ आणि जमीन यांच्यातली सीमाच पुसट होते. रेघ काही ठिकाणी ठळक आणि काही ठिकाणी विरलेली ठेवली की अंतर आपोआप दिसायला लागतं.

आभाळ एका रंगाचं नसतं

मुलं निळ्या खडूनं आभाळ घासून घासून भरतात. कागद गुळगुळीत होतो, हात दुखतो आणि आभाळ मात्र भिंतीला ऑइल पेंट मारल्यासारखं दिसतं. अशा वेळी कागदाची नळी करायची आणि तिच्यातून आधी डोक्यावरचं आभाळ बघायचं, मग क्षितिजाजवळचं. (सूर्याच्या दिशेला नळी कुणीही धरायची नाही, हे आधी दोनदा बजावा.) डोक्यावरचं आभाळ गडद निळं दिसतं आणि खाली येता येता फिकं, पांढुरकं होत जातं. कारण क्षितिजाकडं बघताना आपली नजर हवेच्या कितीतरी जाड थरातून जाते. आमच्याकडं उन्हाळ्यात तर खालची पट्टी निळी नसतेच, पिवळट-राखाडी असते. पाचवीच्या विज्ञानाचाही थोडा भाग यात होऊन जातो.

जलरंगात हे करायची युक्ती सोपी आहे. पाटीवर कागद चिकटवा आणि पाटीच्या वरच्या कडेखाली डस्टर ठेवून ती कलती करा. कागद पाण्यानं ओला करा. सगळ्यात वर भरपूर रंगाचा आडवा पट्टा, त्याच्या खाली तोच ब्रश थोडं पाणी घेऊन, मग आणखी पाणी घेऊन. क्षितिजापर्यंत येईतो जवळजवळ नुसतं पाणीच उरतं. मागं फिरून डाग पुसायला जायचं नाही, हा एकच नियम. खडू रंग असतील तर वर दाबून आणि खाली येता येता हात हलका करत जायचं, शेवटची दोन बोटं कागद कोराच सोडायचा.

ढगांच्या बाबतीत मुलांचा साचा म्हणजे फुलकोबीचे सारखे गड्डे. पावसाळ्याआधीच्या पुंजक्याच्या ढगांकडं नीट बघायला लावा. त्यांची वरची बाजू फुगीर असते, पण खालची जवळजवळ सपाट असते. वर जाणारी वाफ ठरावीक उंचीवर पोचली की तिचे थेंब व्हायला लागतात, त्यामुळं सगळ्या ढगांचे तळ साधारण एकाच पातळीवर असतात. आणि डोक्यावरचे ढग मोठे, सुटे सुटे, तर क्षितिजाजवळचे चपटे, बारीक, एकमेकांना खेटलेले दिसतात. म्हणजे आभाळालाही खोली असते! हे एकदा कळलं की मूल कोऱ्या आभाळात तीन ढग काढतं आणि आभाळ मैलभर मागं सरकतं.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकारानं १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या आभाळाची कितीतरी चित्रं केली. त्यातल्या अनेकांच्या मागं त्यानं तारीख, वेळ आणि वाऱ्याची नोंद लिहून ठेवली आहे. ही सवय मी सरळ उचलली आहे. परिपाठानंतर दहा मिनिटं, पोस्टकार्डाएवढा कागद आणि फक्त आभाळ. मागं तारीख, वेळ, "वारा पश्चिमेकडून" असं लिहायचं. महिनाभरात वर्गाकडं आभाळाची वही तयार होते. परिसर अभ्यासालाही चालते, हे वेगळं.

आणि आभाळाचा जमिनीशी संबंध असतो, तो ढगांच्या सावल्यांमुळं. हॉलंड हा देश आमच्या माळापेक्षाही सपाट. तिथल्या याकोब व्हान रुईसडाल या चित्रकारानं १६७०च्या दशकात हार्लेम गावाचं लांबून दिसणारं दृश्य रंगवलं. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश भाग आभाळच आहे. पुढच्या मैदानात धुतलेलं तागाचं कापड उन्हात पांढरं व्हायला पसरून ठेवलंय, आणि गाव म्हणजे क्षितिजावरची एक बारीक पट्टी. पण जमिनीवर बघा, एक पट्टा उन्हात, एक सावलीत, पुन्हा एक उन्हात. सपाट जमिनीत काहीच नसलं तरी नजर पायरी पायरीनं लांब जाते, ती या पट्ट्यांवरून. श्रावणात आमच्या माळावर हे रोज फुकट बघायला मिळतं.

जमीन : शेवटच्या एका सेंटीमीटरची गोष्ट

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोकळी जमीन कंटाळवाणी दिसते ती रिकामी असल्यामुळं नाही. खालपासून वरपर्यंत सारखीच रंगवली जाते, म्हणून. गवताची काडी पायाजवळ जेवढी काढली तेवढीच क्षितिजाजवळ काढली की जमीन आडवी पसरत नाही, भिंतीसारखी उभी राहते.

मैदानावर एक खेळ घ्या. एका मुलानं उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याच्यापासून १० मीटरवर उभं राहून हात लांब करून पट्टी धरायची आणि एक डोळा मिटून त्याची उंची मोजायची. तो १२० सेंटीमीटर उंच असेल आणि मोजणाऱ्याचा हात ५० सेंटीमीटर लांब असेल, तर पट्टीवर तो ६ सेंटीमीटर भरतो. २० मीटरवर गेला की ३. ४० मीटरवर दीड. अंतर दुप्पट, उंची निम्मी. गणिताचे गुरुजी खूश होतील असा हिशोब आहे.

आता दुसरी गोष्ट बघायला सांगा. सारख्या उंचीची चार-पाच मुलं वेगवेगळ्या अंतरांवर उभी करा. जमीन सपाट असेल तर सगळ्यांचे डोळे क्षितिजाच्या रेघेवरच येतात! जवळचा असो की लांबचा. बदलतात ते पाय. जवळच्याचे पाय खाली आणि लांबच्याचे वर, क्षितिजाच्या जवळ. मुलांच्या चित्रात लांबची माणसं आभाळात तरंगताना किंवा जमिनीत रुतल्यासारखी दिसतात, ते या एका निरीक्षणानं बरंच कमी होतं. बसून बघितलं तर काय होईल, हे त्यांनाच शोधू द्या.

हाच हिशोब जमिनीला लावा. चित्रात क्षितिजापासून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत १२ सेंटीमीटर जमीन आहे आणि खालची कड म्हणजे आपल्यापासून १० मीटरची जागा, असं धरू. मग २० मीटरची जागा क्षितिजाच्या खाली ६ सेंटीमीटरवर येते, ३० मीटरची ४ वर, ४० मीटरची ३ वर. आणि १२० मीटरची जागा १ सेंटीमीटरवर. म्हणजे १२० मीटरच्या पलीकडचं सगळं, चार किलोमीटरपर्यंतची शेतं, वस्त्या, रस्ता, झाडं, हे सगळं शेवटच्या एका सेंटीमीटरात मावतं. मी फळ्यावर हे काढून दाखवते तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.

याचा रंगवताना अर्थ असा की खालच्या भागात ब्रश मोकळा चालू द्यायचा. गवताचे मोठे फटकारे, खडा, मुरमाचा लालसरपणा, बोरीचं झुडूप. मधल्या भागात काड्या काढायच्याच नाहीत, नुसते आडवे रुंद पट्टे. वर जाता जाता पट्टे अरुंद करत जायचे. शेवटच्या सेंटीमीटरात मात्र बारीक ब्रशनं जपून काम करायचं, तिथं एक ठिपका म्हणजे एक झाड. रंगही बदलत जातो. पायाजवळचं वाळलं गवत सोनेरी-तांबूस आणि लांबचं गवत फिकट, जरा निळसर-राखाडी. मधल्या हवेनं आणि धुळीनं त्याच्यावर जणू पातळ पडदा टाकलेला असतो.

एवढं केलं तर जमिनीवर एकही 'वस्तू' न काढता चित्र उभं राहतं. चौथीच्या मुलांना हे जमतं, हे मी बघितलंय.

एकच बकरी

मग वस्तू काढायचीच नाही का? काढा की. पण एक, आणि लहान. माळ मोठा आहे हे माळाकडं बघून कळत नाही, त्यातल्या बारक्या बकरीकडं बघून कळतं. बकरी मोठी काढली की माळ अंगणाएवढा होतो.

ती बकरी कुठं ठेवायची हे महत्त्वाचं. मधोमध नको. डावीकडं ठेवली आणि तिचं तोंड उजवीकडं असलं तर तिच्यापुढं सगळा माळ मोकळा राहतो. ती चरत तिकडं जाणार आहे, असं वाटतं. तोंड उलट केलं तर ती चित्रातून बाहेर निघाली असं वाटतं. दोन्ही बरोबरच, फक्त गोष्ट वेगळी.

रिकामी जागा गोष्ट सांगते म्हणजे काय, हे समजायला अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायेथचं १९४८ सालचं 'क्रिस्टिनाज वर्ल्ड' बघा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे ते. जवळजवळ सगळं चित्र म्हणजे वाळलेल्या गवताचा चढ. खाली एक बाई आपल्याकडं पाठ करून जमिनीवर, वर लांब एक घर. ही क्रिस्टिना वायेथच्या शेजारी राहायची. तिला चालता येत नव्हतं आणि ती हातांवर सरपटत फिरायची. एवढं कळल्यावर पुन्हा चित्र बघा. मधलं गवत आता रिकामं राहतं का? तेच तर सगळं अंतर आहे. तिथं वायेथनं दोन झाडं आणि विहीर काढली असती तर ते अंतर मोडलं असतं.

काढून टाकायचं धाडसही चित्रकारांना करावं लागतं. जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रिडरिखचं 'समुद्राकाठचा भिक्षू' (१८०८ ते १८१०) हे चित्र म्हणजे वाळूची पट्टी, काळसर समुद्राची पट्टी, प्रचंड आभाळ आणि एक बोटाच्या पेराएवढा माणूस. चित्राच्या खालच्या थरांची तपासणी केल्यावर दिसलं की आधी त्यानं समुद्रावर जहाजं काढली होती. नंतर ती त्यानं स्वतःच रंगाखाली झाकली.

आता कळीचा प्रश्न. एखाद्या मुलानं खरंच कंटाळून जागा सोडली असेल तर? असंही होतंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ओळखायला माझ्याकडं एक साधी परीक्षा आहे. कोऱ्या कागदानं चित्रातली ती रिकामी जागा झाका. झाकल्यावर चित्रात काहीच फरक पडला नाही, तर ती जागा नुसतीच राहिलेली आहे. मुलाशी बोला, तिथला रंग किंवा कागदाचा आकार बदलता येईल. पण झाकल्याबरोबर बकरी कोंडल्यासारखी वाटली, आभाळ गुदमरलं, तर ती जागा काम करत होती. तिला हात लावू नका.

शेरा देताना

ही परीक्षा मोठ्यांनीही करावी असं मला वाटतं, त्याला कारण आहे. चौथीतल्या एका मुलानं एका चित्रकला स्पर्धेसाठी आजोबांबरोबर शेळ्या राखायला जातो तो माळ काढला होता. कागदाचा बराचसा भाग फिकं आभाळ. खाली पिवळ्या जमिनीचे पट्टे, डावीकडं बाभूळ, आणि खूप लांब पाच ठिपके. ठिपके म्हणजे शेळ्या, आणि सहावा जरा उभा ठिपका म्हणजे आजोबा. चित्र परत आलं तेव्हा त्यावर शेरा होता : "अपूर्ण. पार्श्वभूमी भरावी." पुढच्या वेळी त्यानं काय काढलं असेल? दोन डोंगर, सूर्य, नदी, झोपडी. सुबक काढलं होतं, आणि त्याचं कौतुकही झालं. आजोबा मात्र त्यात नव्हते.

म्हणून शिक्षकांना विनंती. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत कला विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना "चित्र पूर्ण रंगवतो", "रंगकाम सुबक करतो" याच्या पलीकडच्या नोंदीही वापरा. उदाहरणार्थ "चित्रातील मोकळ्या जागेचा विचारपूर्वक वापर करतो", "जवळचे-लांबचे अंतर रंगछटांमधून दाखवतो", "परिसराचे प्रत्यक्ष निरीक्षण करून चित्र काढतो". नोंद बदलली की आपली बघायची नजरही बदलते.

आणि पालकांनो, घरी मुलानं चित्र दाखवलं की "इथं एवढी जागा का सोडलीस?" असं लगेच म्हणू नका. "इथं ऊन होतं का? वारा होता का? किती वाजले होते?" असं विचारा. उत्तर देता आलं तर जागा रिकामी नाही. देता आलं नाही तर ते मूल उद्या बाहेर जाऊन बघून येईल, तेही चांगलंच.

रंग नसतील तर

जलरंगाची पेटी सगळ्यांकडं नसते, आणि आमच्याकडं मार्चनंतर रंगाला पाणी मागायचीही लाज वाटते. पण माळाचे रंग माळावरच आहेत. तांबडा मुरूम कुटून फडक्यातून गाळून घ्या. काळ्या रानातली माती वेगळी गाळा. चुन्याच्या निवळीऐवजी पांढरा खडू कुटून वापरा, चुना मुलांच्या हाताला नको. बाभळीचा डिंक रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळून घ्या आणि एक चमचा मातीत हळूहळू मिसळत साईसारखं दाट करा. तयार जलरंगातही डिंकच असतो, त्यामुळं हा रंग कागदाला धरून राहतो. डिंक कमी पडला तर वाळल्यावर हाताला लागतो, जास्त झाला तर चकाकतो. पहिल्यांदा फाटक्या कागदावर करून बघा. वहीचं पातळ पान याला चालत नाही, जुन्या खोक्याचा पुठ्ठा सगळ्यात उत्तम, आणि त्याचा तपकिरी रंग जमीन म्हणून तसाच सोडता येतो.

तेलखडू किंवा मेणखडू असतील तर वरचा कागद सोलून खडू आडवा धरा आणि कागदाखाली शहाबादी फरशी ठेवून घासा. फरशीचा खडबडीतपणा मुरमासारखा उमटतो. फक्त खालच्या भागात हे करायचं, वर लांबच्या जमिनीला गुळगुळीत टेबल बरं.

काळ्या मातीचा थर जाड दिला तर वाळताना त्याला भेगा पडतात, हे आधीच सांगून ठेवते. थर पातळ द्यायला सांगितलं होतं तरी आमच्या वर्गातल्या एकीनं जाडच दिला. भेगा पडल्यावर ती त्या बुजवायला तयार होईना. "मे महिन्यात आमच्या रानाला अशाच पडत्यात," म्हणाली. ते चित्र अजून वर्गात लावलेलं आहे, माती थोडी थोडी गळते, पण लांबून छान दिसतं.